मीठ बरं पडलंय

पनवेल,
रविवार, दुपार

चि. मनवा हिस,


बाळा, परवाच फोन झाला तरी पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी जरा विषय काढला की तुझं सुरू, "आत्या, गुडघे कसे आहेत?" गुडघे होते तिथेच आहेत. वडाळे तलावाला सकाळी एक फेरी मारते आणि दोन मारल्या असं तुझ्या बाबाला सांगते. थंडी यंदा बरी आहे. इथे विमानतळ सुरू झाल्यापासून गच्चीवर गेले की मान आपोआप वर जाते, यातलं एखादं विमान तुला घेऊन येणारं असेल का म्हणून. वेडेपणा, दुसरं काय!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मागच्या रविवारी तू सहज बोलून गेलीस, ते माझ्या मनातून जात नाही. तुझ्या स्टुटगार्टच्या ऑफिसातल्या त्या वयस्क बाई तुला म्हणाल्या, माझ्या ड्रॉइंगमधली चूक तू मला बाजूला घेऊन दाखवलीस, चारचौघांत नाही, हे माझ्या लक्षात राहील. त्यावर तू काय केलंस? "त्यात काय एवढं," म्हणालीस आणि कॉफी आणायला निघून गेलीस! वर मला सांगतेस, इकडे सगळ्यांनाच सुपर म्हणतात. अगं, सुपर वेगळं आणि हे वेगळं. सुपर म्हणजे आपलं "छान छान", पोरानं कागदावर रेघोट्या मारल्या तरी म्हणायचं. या बाईंनी तर नेमकी गोष्ट उचलून तुझ्या हातात ठेवली. आणि तूच मला सांगितलं होतंस ना, तिकडच्या श्वाबियन लोकांत म्हणच आहे की रागे भरलो नाही म्हणजे कौतुक झालं असं समजावं? अशा मुलखातल्या बाईला ते दोन शब्द तोंडातून काढायला किती जड गेलं असेल! तू मात्र त्यांना तशाच उभ्या सोडून गेलीस.

खरं सांगू, ती म्हण ऐकून मला हसूच आलं होतं. आपल्या पनवेलचीच वाटली. आपल्याकडे पोराचं तोंडावर कौतुक केलं तर ते शेफारतं, डोक्यावर मिरे वाटतं. चुकून कुणी केलंच, तर संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. समर्थांनी दासबोधात स्वतःची स्तुती करणाऱ्याला मूर्खांच्या यादीत घातलं, ते आपण पक्कं धरून ठेवलं. दुसऱ्याची खरी स्तुती करणाऱ्याला त्यांनी मूर्ख म्हटल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही. तू व्हॉट्सअ‍ॅपवर मला कौतुकाचे अंगठे पाठवतेस. अंगठाच पाहायचा तर गोवा रस्त्याला गेलं की कर्नाळ्याच्या किल्ल्याचा दिसतोच मला. चांगला दगडी आहे, कधीचा उभा आहे, पण बोलत काही नाही.

बोललेलं मात्र राहतं. सातवीत असताना आमच्या बाईंनी मला धडा मोठ्याने वाचायला लावला होता. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "घंटा कधी झाली, कळलंच नाही गं." बस्स, एवढंच. त्या वर्षी मला गणितात किती मार्क पडले ते आठवत नाही. पण अजून शेजारच्या आजोबांना पेपर वाचून दाखवते तेव्हा त्या घंटेची आठवण येते आणि आवाज जरा सावरून घेते.

फडके नाट्यगृहात मध्यंतरी नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता, वहिनी आणि मी गेलो होतो. तिथे बालगंधर्वांची पदं ऐकताना मनात आलं, या माणसाचं नावच मुळी एक कौतुक आहे. नारायण राजहंस, 1888 चा जन्म. दहाएक वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्यांनी त्याचं गाणं ऐकलं आणि हा तर बालगंधर्वच, असं म्हटलं. टिळक काही गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हते. मुलगा 1905 साली किर्लोस्कर मंडळीत गेला, मोठा झाला, म्हातारा झाला, तरी "बाल" ते "बाल"च राहिले! 1967 साली ते गेले आणि पुढच्या वर्षी 26 जूनला, त्यांच्या वाढदिवशी, पुण्यात त्याच नावाचं रंगमंदिर उघडलं. राजहंस हे आडनाव काय कमी देखणं होतं? पण लोकांनी ठेवलं टिळकांचं बोलणंच. आता सगळ्यांना असं कौतुक पेलत नाही, आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवणारेही जगात पुष्कळ आहेत, त्यांना ओळखायला शीक. त्यांच्या बोलण्यात नेमकं काही नसतं. तेच बोलणं कुणालाही चालतं.

आता माझ्या सासूबाईंचं सांगते. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला. त्यांची सगळ्यात मोठी पावती म्हणजे "मीठ बरं पडलंय." तेही सणासुदीला. मीही घुमीच, विचारलं कधी नाही. त्या 1998 साली गेल्या. त्यानंतर अकरा वर्षांनी, खालच्या आळीतल्या एक आजी आणि मी ओसरीवर मोड आलेले वाल सोलत बसलो होतो, तर त्या सहज म्हणाल्या, "तुझी सासू सांगायची हो, सुनेच्या हातचं बिरडं खाल्लं की मला माझ्या आईच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं वाटतं." मनू, माझ्या हातातला वाल तसाच राहिला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्यामागोमाग रागही आला. वीस वर्षं त्याच घरात, त्याच चुलीपाशी होतो की आम्ही दोघी! मला सांगितलं असतं तर मी त्यांना त्यांच्या आईबद्दल विचारलं असतं. त्या कुठल्या, काय काय करायच्या, वाटण कसं लावायच्या... ते आता विचारणार कुणाला?

म्हणून आज लिहायला बसले. अकरा वर्षं थांबणार नाही मी.

मागच्या शनिवारी वाडीवर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, सगळं नेहमीसारखं. तुझ्या बाबानं ओवा जास्त घातला, तेही नेहमीसारखंच. जाळाभोवती त्याचे तलावावरचे मित्र बसले होते, मी मागे पाटावर शेंगांची टोपली घेऊन. कुणीतरी तुझा पगार विचारला. दादा म्हणाला, "पगार राहू दे. मे महिन्यात आली तेव्हा मला मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवत होती. सात वेळा विचारलं मी. सातव्या वेळीही पहिल्यासारखंच सांगितलं तिनं. आणि मी तिला गणित शिकवताना दुसऱ्या वेळेला पट्टी उगारायचो." मग जाळ सारखा करायला उठला. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणाला. वारा तर उलट्या बाजूचा होता.

आता बघ, तुझ्या त्या बाई स्टुटगार्टच्या, दादा पनवेलचा. एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक नाही, आणि दोघं तुझ्याबद्दल एकच गोष्ट सांगतायत. तेव्हा "त्यात काय एवढं" हे आता बंद कर. उद्या ऑफिसात गेलीस की त्यांच्या टेबलापाशी जा आणि सांग, परवा तुम्ही बोललात ते मला फार बरं वाटलं. जर्मनमध्ये कसं म्हणायचं ते तुझं तू बघ. पुढे काही सुचलं नाही तर कॉफी त्यांच्यासाठीही आण.

दादाला मी हे कळवलंय ते सांगू नकोस, नाहीतर पुढच्या पोपटीला मला नुसता धूर मिळेल. कुणी येणारं असलं तर सोललेले वाल सुकवून पाठवते. पण बिरड्याची कृती माझ्याकडून घेऊ नकोस, वहिनीकडून घे. तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं, गेली तीस वर्षं होतंय. हे मी तिला अजून बोललेली नाही. ऊन उतरलं की तिच्याकडे जाऊन येते.

तुझी,
आत्या