मोरीपलीकडचं पाणी

बसा. जमिनीवर, खुर्चीत, जिथे असाल तिथे.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

आता घरातल्या पाण्याचा आवाज ऐका. कुणीतरी भांडी विसळतंय. वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ करतंय. भिंतीतल्या पाइपातून पाणी खाली उतरतंय.

ऐका. एवढंच.

हे पाणी पुण्यातलं आहे असं धरू. खडकवासल्याहून आलेलं. 1879 मध्ये बांधून झालेलं ते धरण, त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव, टेमघर. डोंगरावरचा पाऊस, धरण, जलकेंद्र, गच्चीतली टाकी, नळ. एवढी वाट आपल्याला माहीत असते.

मोरीच्या जाळीशी ती संपल्यासारखी वाटते. पाणी गोल फिरतं, खाली जातं, आणि आपण पाठ वळवतो.

आज वळू नका. त्याच्याबरोबर चला.

खाली अंधार आहे. घाई नाही.

साबणाचा फेस, भाताची पेज, कपड्यांचा मळ, शरीरातून गेलेलं सगळं. तुमच्या घरातलं आणि शेजारच्या घरातलं इथे एक होतं. कुठलं कुणाचं, हे आता सांगता येत नाही.

जवळून पाहा. या मैलापाण्यात 99.9 टक्के पाणीच आहे. ज्याला आपण घाण म्हणतो ते लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम.

त्या एका ग्रॅमपाशी थोडं थांबा. किळस आली तर येऊ द्या. ती येते, थोडा वेळ राहते, जाते. श्वास चालूच असतो.

पाणी पुढे सरकतंय. कुणी ढकलत नाही, उतार त्याला नेतो. नळ्या टाकतानाच उतार असा ठेवतात की पाणी सेकंदाला निदान 60 सेंटिमीटर पुढे जावं. त्याहून संथ झालं तर गाळ तळाशी बसतो. माणसाच्या निवांत चालण्यापेक्षाही ही चाल हळू आहे.

पुण्यात मोठ्या वाहिन्या बऱ्याच ठिकाणी ओढ्यांच्या आणि नदीच्या कडेने जातात. नागझरी, आंबील ओढा, भैरोबा नाला. शहर नव्हतं तेव्हाही पाणी याच उतारांनी खाली येत होतं.

वर रस्ता आहे. रिक्षा जातात, शाळेची मुलं जातात. लोखंडी झाकणावरून चाक गेलं की खडखड होते.

त्या झाकणाखाली पाणी चाललंय. चालू द्या.

इथे एक माणूस आठवा.

या अंधारात माणसं उतरली आहेत. कमरेला दोर, हातात बांबूची कामटी, आणि पुष्कळदा तेवढंच. तळाशी जो वायू साठतो तो आधी सडक्या अंड्यासारखा वासाला येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला असं वाटतं, आणि वायू तिथेच असतो.

2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं उतरवण्यावर बंदी आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात जीव गेलेल्यांच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायला सांगितलं. 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. म्हणजे मधल्या काळातही माणसं उतरत होती, आणि काही वर आली नाहीत.

त्यांच्यासाठी एक श्वास. भरून.

अजून एक.

आता नदीकाठ. उतार संपतो तिथे पंप पाणी उचलतात आणि शुद्धीकरण केंद्रात आणून सोडतात.

आधी जाळ्या. चिंध्या, प्लास्टिक, शाम्पूच्या पुड्या, वेणीतली फुलं, सगळं इथे अडकतं. मग पाण्याचा वेग थोडा कमी करतात आणि रेती तळाला बसते. हे काम पटकन उरकतं. आपल्याला इथे थांबायचं नाही.

पुढे या. टाकीच्या काठाशी.

मोठी, चौकोनी, उघडी टाकी. पाणी तपकिरी. आणि ते उकळतंय असं वाटतं, पण आच कुठेच नाही. तळातून हवा येते आहे. ब्लोअरची एकसुरी घरघर, आणि लाखो बुडबुडे वर येऊन फुटताहेत.

इथे बसू. बराच वेळ.

एकच बुडबुडा निवडा. तळाशी जन्मतो. वर येता येता स्वतःतला थोडा प्राणवायू पाण्याला देतो. पृष्ठभागाशी येतो. फुटतो.

दुसरा निवडा.

पाण्याला प्राणवायू फार धरून ठेवता येत नाही. स्वच्छ, कोमट पाण्यात लिटरमागे आठएक मिलिग्रॅम मावतो. या टाकीत दोन मिलिग्रॅम टिकला तरी पुरतो. तेवढ्यावर इथलं सगळं जग जगतं.

कारण या पाण्यात जीव आहेत. डोळ्यांना न दिसणारे, अगणित जिवाणू. आपण टाकलेलं ते खातात. खायला त्यांनाही प्राणवायू लागतो, तुम्हाला आत्ता लागतोय तसाच.

तुम्ही श्वास घ्या. तेही घेताहेत.

तुम्ही सोडा. तेही सोडताहेत. तोच कार्बन डायऑक्साइड.

मळ असा जातो. कुणी तो धुऊन काढत नाही. कुणीतरी तो खातं आणि जगतं.

टाकीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर जिवाणूंचे मऊ, तपकिरी पुंजके दिसतात. पुंजक्यांवर देठाने चिकटलेले घंटेच्या आकाराचे इवलेसे जीव. व्हॉर्टिसेला. धक्का लागला की देठ आखडतो, मग सावकाश सरळ होतो. ते दिसले की केंद्रातल्या माणसांना बरं वाटतं. टाकीची तब्येत ठीक आहे, हे ते ओळखतात.

तब्येत ठीक असलेल्या टाकीला ओल्या मातीचा वास असतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. जे आलं त्याचा वास काय होता, आणि काही तासांत त्याला मातीचा वास आला.

आता, जमत असेल तर, क्षणभर श्वास रोखा. फार नाही.

वीज जाते तेव्हा ब्लोअर थांबतात. बुडबुडे थांबतात. टाकी अशीच होते. थोडा वेळ ती धरून राहते. मग प्राणवायू संपतो, वास बदलतो, जीव मरू लागतात.

सोडा. श्वास येऊ द्या.

बुडबुडे पुन्हा वर येऊ द्या.

पुढच्या टाकीत आवाज नाही. गोल, रुंद टाकी. पाणी इथे काही तास निवळत राहतं. पुंजके तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी कडेच्या दात्यांवरून पातळ धारेने बाहेर पडतं.

तळाचा गाळ सगळा टाकून देत नाहीत. बराचसा पंपाने परत आधीच्या टाकीत सोडतात. विरजण ठेवावं तसा. कालचे जीव आजच्या पाण्यात मिसळतात आणि कामाला लागतात.

हे 1914 मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी दाखवून दिलं. नुसती हवा सोडून पाणी शुद्ध व्हायला आधी कित्येक आठवडे लागत. त्यांनी खाली बसलेला गाळ राखला, त्यावर नवं मैलापाणी घातलं, पुन्हा हवा सोडली. असं करत गेल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. फेकण्याजोगं वाटलेलं त्यांनी ठेवून घेतलं, आणि आज जगभरच्या शहरांचं पाणी त्या पद्धतीने शुद्ध होतं.

पाणी शुद्ध झालं की नाही, हे कसं कळतं?

त्याचा थोडा नमुना बाटलीत भरतात. बूच घट्ट लावतात. 27 अंशांवर, अंधारात, तीन दिवस ठेवून देतात.

तीन दिवस त्या बाटलीपाशी कुणी काही करत नाही. आतले जीव उरलासुरला मळ खात राहतात आणि प्राणवायू वापरत राहतात. मग बूच काढून तो किती कमी झाला हे मोजतात. याला बीओडी म्हणतात. पाण्याला अजून किती श्वास हवा आहे, त्याचं हे माप.

कच्च्या मैलापाण्याचा हा आकडा लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शुद्ध केलेल्या पाण्याचा 30 पर्यंत चालत असे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो 10 च्या आत आणायला सांगितलं.

पाणी नदीत सोडलं की हाच आकडा नदीला भरावा लागतो. तिच्यातल्या आठ मिलिग्रॅमातून. त्याच आठांवर मासे जगतात.

नदीबरोबर थोडं चला.

मुंढव्याच्या बंधाऱ्यापाशी जॅकवेल आहे. तिथून काही पाणी जुन्या मुठा कालव्यात चढवतात, आणि ते दौंड-इंदापूरकडच्या शेतांना जातं. बाकीचं मुळा-मुठेतून पुढे वाहतं. रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं. मग उजनी. भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

आणि भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते.

पाहा. पुण्यातली मोरी आणि चंद्रभागा. एकच उतार.

आषाढीला वारकरी त्या पाण्यात उतरतात, तोंडात घेतात. पालखीला निरोप देऊन आपण घरी येतो, हातपाय धुतो, आणि आपलंही पाणी त्यांच्यामागून त्याच दिशेला निघतं.

इथे काही ठरवू नका. एक श्वास घ्या आणि हे नुसतं मनात राहू द्या.

सगळं मैलापाणी अजून केंद्रांपर्यंत पोचत नाही. काही नाल्यांतून थेट नदीत येतं. म्हणून नदीवर जलपर्णी पसरते, म्हणून काठाला तो वास असतो. जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्यातून 11 नव्या केंद्रांचं काम महापालिकेने हाती घेतलं, ते याचसाठी.

संगम पुलावरून जाल तेव्हा नाकाला रुमाल लावण्याआधी एक श्वास तिथला घ्या. खालच्या पाण्याकडे पाहा. आपलं आहे ते.

पुण्याबाहेर राहत असाल तर तुमच्या घराचं पाणी कुठल्या केंद्रात जातं आणि तिथून कुठल्या नदीला किंवा खाडीला मिळतं, हे नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागात विचारा. केंद्राचा बीओडीचा आकडाही विचारा. तो नोंदवलेला असतो, आणि तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.