खिसा बदलतो

त्र्यंबकेश्वरात देवळाच्या वाटेवर हार-फुलं विकणाऱ्या अण्णांची मोटारसायकल निळा धूर सोडू लागली, तेव्हा महाशिवरात्र पंधरा दिवसांवर आली होती.

गाडी स्प्लेंडर, २००३च्या सिंहस्थात घेतलेली. त्या साली गावात माणूस मावत नव्हता, धंदा भरपूर झाला आणि अण्णांनी रोख पैसे मोजून गाडी दारात आणली. तेव्हापासून रोज पहाटे अठ्ठावीस किलोमीटर नाशिक, फुलबाजार, आणि झेंडू-शेवंतीची पोती बांधून तेवढंच परत. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नव्याने नोंदणी केली, पुढच्या पाच वर्षांनी पुन्हा केली. कागद अगदी चोख होते. इंजिन मात्र दर आठवड्याला पाव लिटर ऑईल पिऊ लागलं होतं, आणि चढ लागला की मागच्या गाडीवाल्याला समोरचं काही दिसेनासं व्हायचं.

जव्हार रस्त्यावरच्या मिस्त्रीने गाडी सुरू केली, ॲक्सिलेटर पिळला, धुराकडे पाहिलं आणि बंद केली.

“निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. हाफ इंजिनवर भागलं तर सहा हजार. क्रँक गेला असेल तर फुल इंजिन, तेरा हजार धरा. उघडल्याशिवाय नक्की सांगत नाही.”

अण्णांचं तोंड उतरलं. एवढी जुनी गाडी, विकली तर पंधरा हजार येतील; तिच्यावर तेरा घालायचे?

जुन्या गाड्या विकून देणारा एक एजंट जवळच चहा पीत होता. त्याने अण्णांना बाजूला घेतलं. “आहे ते ऑईल काढा, घट्ट ऑईल घाला, वर धूर दाबायची एक बाटली ओता. पंधरा दिवस काही दिसत नाही. गिऱ्हाईक मी आणतो, अठरा हजाराचं.”

गिऱ्हाईकही खरंच मिळालं. मोखाड्याकडचा एक तरुण, वडिलांबरोबर मोगऱ्याची शेती करणारा. त्या डोंगरी पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोगरा चांगला रुजला आहे. कळ्या उजाडायच्या आत खुडाव्या लागतात आणि उमलायच्या आत बाजारात पोचवाव्या लागतात. जीपची वाट बघण्यात कळ्या फुलून जातात, म्हणून त्याला स्वतःची गाडी हवी होती.

सौदा ठरला त्या सकाळी अण्णा घट्ट ऑईलचा डबा आणि ती बाटली घेऊन मिस्त्रीकडे आले.

मिस्त्रीने दोन्ही हातात घेऊन पाहिलं. “ओततो. मजुरीही घेत नाही. फक्त एवढं सांगा अण्णा, सहा हजार कोण देणार?”

“कसले सहा हजार? गाडी तर विकतोय मी.”

“गाडी विकताय, पण काम गाडीतच राहतंय. इंजिन उघडायचंच आहे, आज नाही तर महिन्याभरात. ऑईल ओतल्याने खर्च टळत नाही, खिसा बदलतो. आणि दुसऱ्याच्या खिशात गेला की वाढतो. त्या पोराला ऑईल जळतंय हे ठाऊक नसणार, तो बघणार नाही. तोरंगणच्या घाटात इंजिन कोरडं पडलं की क्रँकही जाईल. तुमचे सहा त्याचे तेरा होतील.”

अण्णा डबा घेऊन बाकड्यावर बसले. तेवढ्यात एजंटाबरोबर तो तरुण आला. शर्टाच्या आतल्या खिशातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या. शंभराच्या आणि पन्नासच्याच जास्त.

अण्णा उठले. त्यांनी किक मारली आणि ॲक्सिलेटर पुरा पिळला. गॅरेजभर निळा धूर झाला.

“हे बघून घे. इंजिनचं काम निघालंय. सहा हजार तरी लागतील, तेराही लागतील.”

एजंट काही न बोलता निघून गेला. तरुण बराच वेळ गाडीकडे पाहत राहिला. मग त्याने मिस्त्रीला विचारलं, “काम केल्यावर चालेल का?”

“चालेल की. पाच-सात वर्षं बघायला नको.”

“मग अण्णा, तुम्ही कशाला विकता?”

अण्णांनी हा हिशेब केलाच नव्हता. गाडी विकून किती येतील आणि दुरुस्तीला किती जातील, एवढंच ते मोजत होते. गाडी गेल्यावर फुलं कशावर आणायची, हे त्यात नव्हतंच. नवी घ्यायची तर रक्कम लाखाच्या घरात; हप्ता म्हटला तरी महिन्याला तीन हजार, तोही तीन वर्षं. सहा हजार म्हणजे दोन हप्ते. तेरा धरले तरी पाच हप्ते पुरे होत नव्हते.

“उघड गाडी,” अण्णा म्हणाले.

मिस्त्रीने आधी प्लग काढला, त्या भोकातून चमचाभर ऑईल आत सोडलं, प्लग बसवला आणि किक मारली. मघाशी भुसभुशीत लागणारी किक आता जड लागली. “रिंगा आणि बोअर झिजलेत. व्हॉल्व असता तर ऑईल घालून फरक पडला नसता.” मग हेड आणि सिलिंडर उतरवून त्याने कनेक्टिंग रॉड धरून खाली-वर हलवला. खेळ नव्हता. क्रँक शाबूत होता. त्याने अण्णांना आणि त्या तरुणालाही स्वतःच्या हाताने रॉड हलवून बघायला लावलं. न दाखवता तेरा हजार सांगितले असते, तर अण्णांनी ते दिले असते.

सिलिंडर सातपूरला लेथवाल्याकडे गेला. पन्नास मिलिमीटरचा मूळ बोअर, तो अर्धा मिलिमीटर मोठा करून नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसल्या. तोवर अण्णा पहाटेच्या एसटीने फुलं आणत राहिले. तिसऱ्या दिवशी गाडी जोडताना मिस्त्रीने एअर फिल्टर समोर धरला. कडेला फाटलेला. त्या फटीतून रस्त्याची धूळ थेट इंजिनात जात होती आणि रिंगा घासत होती.

“हा कधी बदलला होता?”

“हवा मारून परत बसवायचो. दोनशे रुपये कशाला घालवायचे?”

“तेव्हाच्या अण्णांनी दोनशे वाचवले, आत्ताचे अण्णा सहा हजार भरतायत. खिसा तुमचाच, पण बदलला की नाही?”

बिल सहा हजार चारशे झालं. जुना पिस्टन आणि रिंगा मिस्त्रीने पिशवीत घालून परत दिल्या आणि बजावलं, “पहिले पाचशे किलोमीटर दामटू नका, जड ओझं नको, मग ऑईल बदला. आणि दर आठवड्याला पट्टी काढून लेव्हल बघा.” महाशिवरात्रीची फुलं त्याच गाडीवर आली, तीन खेपांत.

मोखाड्याच्या तरुणाला गाडी हवीच होती. मिस्त्री एका रविवारी त्याच्याबरोबर नाशिकला गेला. पहिली गाडी चकचकीत होती. मिस्त्रीने रंग पाहिला नाही; इंजिनवर हात ठेवला. इंजिन गरम होतं. “आधीच चालवून ठेवलीय. थंड इंजिन सुरू होताना खरं बोलतं, म्हणून.” दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर चिकट काळं लागलं. तिसरी रंग उडालेली होती, पण थंड असताना एका किकमध्ये सुरू झाली, बोटाला कोरडी राखाडी काजळी लागली आणि मालकाने आपणहून सांगितलं की क्लच प्लेट लवकरच बदलावी लागेल. तरुणाने क्लच प्लेटचे पैसे वजा करून तीच घेतली.

दुरुस्तीचा मोठा आकडा ऐकला की आपण तो टाळायच्या वाटा शोधतो. फिल्टर पुढच्या वेळी, ऑईल पुढच्या महिन्यात, आणि अगदीच आलं अंगावर तर धूर दाबून दुसऱ्याच्या गळ्यात. अशा प्रत्येक वेळी पैसे कुणीतरी भरतोच: एक तर उद्याचे आपण, नाही तर आपल्यावर विश्वास ठेवणारा एखादा अनोळखी माणूस. आणि दरवेळी ते आजच्यापेक्षा जास्त असतात. म्हणून गाडी जुनी असो वा नवी, “हा खर्च कसा टळेल?” असं विचारण्याआधी “हा कुणाच्या खिशातून जाणार आहे?” एवढं विचारा. उत्तर सांगायला लाज वाटत असेल, तर आपल्याच खिशात हात घाला. तोच सौदा शेवटी स्वस्त पडतो.