गोळीबद्दल कुणाला विचारायचं?

मानसोपचारतज्ज्ञ विचारतात, "कसं वाटतंय?" समोरचा म्हणतो, "ठीक आहे." चिठ्ठी हातात पडते. मग तोच माणूस मेडिकलच्या काउंटरवर हळूच विचारतो, "रात्रीची गोळी अर्धी करून घेतली तर चालेल का हो? सकाळी डोकं फार जड असतं."

हा प्रश्न डॉक्टरांच्या टेबलावर यायला हवा होता. भिडेपोटी तो येत नाही. मग काही जण निमूट सोसतात, काही परस्पर गोळी बंद करतात.

धीर कुठवर धरायचा, याला काही हिशेब आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला सहसा २ ते ४ आठवडे लागतात, पुरता गुण यायला ६ आठवडेही. सुरुवातीची मळमळ बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. पण एवढे दिवस उलटूनही फरक नाही, दिवसभर गुंगी आहे, वजन भराभर वाढतंय, शरीरसंबंधांची इच्छाच उरली नाही, तर विचारायलाच हवं. यात लाजण्यासारखं काही नाही. डोस किंवा वेळ बदलून, नाहीतर दुसरं औषध देऊन पुष्कळदा मार्ग निघतो.

काही प्रश्नांना पुढच्या तारखेची वाट पाहता येत नाही. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्याचे हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तरी रक्तातलं लिथियम वाढू शकतं. आणि जीव द्यावासा वाटला, तर क्षणाचाही उशीर नको. डॉक्टर भेटत नसतील तर जवळचं रुग्णालय गाठावं. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

बरं वाटू लागलं, की प्रश्न आणखी अवघड होतो. पहिल्याच नैराश्यातही बरं वाटल्यावर सहसा निदान ६ महिने गोळी चालू ठेवतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं, आजारही उलटू शकतो. म्हणून "आता बरं आहे, कमी कधी करायची?" हे मोकळेपणाने विचारावं. गोळी उतरवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने.

ऐनवेळी काही आठवत नाही. म्हणून कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी झोपेचे तास, चुकलेली गोळी, नवा त्रास लिहून ठेवावा आणि ते पान सोबत न्यावं. उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती मिळणं हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे.

घरच्यांचंही एक काम आहे. "गोळी घेतलीस का?" हे आपण रोज विचारतो. आज त्यापुढे "घेतल्यावर कसं वाटतं?" हेही विचारू या, आणि उत्तर पुरतं ऐकून घेऊ या. घरी ज्याचं ऐकलं जातं, त्याला दवाखान्यात बोलायला धीर येतो.