दुसरी शिटी

पंचवटीत राहणाऱ्या माणसाने पंच होऊ नये, असे माझी आई म्हणत असे. मी गळ्यात शिटी अडकवून सायकल बाहेर काढू लागलो की ती ओसरीवरून हटकायची, "अरे, याच गावात देवाच्या डोळ्यांना सोन्याचे हरीण दिसले आणि सीतामाईच्या कानांना रामाची खोटी हाक ऐकू आली. तिथे तुझे डोळे-कान काय घेऊन बसलास!" मी हसून पायडल मारीत असे. आता तितकासा हसत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्यानंतर दिलेली आणि अभिमानाने सांगावी अशी परीक्षा एकच, कबड्डीच्या पंचाची. दिवसा शाळेत मुलांना मराठी शिकवावे, रात्री कादंबरीची पाने खरडावीत आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी मंडळाच्या सामन्यांना शिटी फुंकावी, असा माझा क्रम. मानधन म्हणाल तर नारळ, शालीसारखे दिसणारे एक वस्त्र आणि वडापाव. शिव्या मात्र मोजून घेत नाहीत. हौशी सामन्यांना पंच मिळत नाहीत अशी ओरड मी नेहमी ऐकतो. मला नवल वाटते ते जे मिळतात त्यांचे.

आपल्याकडे या खेळाला पूर्वी हुतुतू म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतकोरात पुण्यात त्याला नियमांची चौकट बसली, 1938 साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत तो गेला, 1990 साली पेकिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकांचा खेळ झाला आणि 2014 पासून तो घराघरांतल्या पडद्यावर दिव्यांच्या झगमगाटात दिसू लागला. त्या पडद्यावर पंचाला शंका आली तर चित्र मागे फिरवून पाहता येते. आमच्या मैदानावर मागे फिरते ते फक्त कुत्रे. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद जमीन, फक्कीच्या रेषा, दोन हॅलोजनचे दिवे, आणि दोन पंच, एक सरपंच व एक गुणलेखक एवढा सारा न्यायखात्याचा पसारा. त्यातच पाहुण्यांच्या भाषणांमुळे सातचा सामना साडेनऊला लागतो, आणि प्रेक्षकांत एखादे कार्टे खिशात शिटी घेऊन बसलेले असते.

ज्यांनी हा खेळ नुसता पाहिला आहे त्यांना पंचाची खरी अडचण कळायची नाही. चढाईला गेलेल्या गड्याचा दम तोंडात, आणि त्याचा हात मध्यरेषेकडे. त्याला पकडले, तिघेजण अंगावर कोसळले, तरी दम चालू असताना बोट रेषेपलीकडे गेले की तो वाचला आणि ते तिघे बाद. दम आधी सुटला तर तो बाद. म्हणजे पंचाने एकाच क्षणी कानाने तोंड ऐकायचे आणि डोळ्याने बोट पाहायचे. तोंड असते कुणाच्या तरी पोटाखाली, बोट कुणाच्या छातीखाली, आणि भोवती पाचशे माणसे ओरडत असतात. देवाने माणसाला डोळे आणि कान दोन्ही दिले, पण दोन्हींवर एकदम विश्वास ठेवायची सवय दिली नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत तपोवनाच्या बाजूला एका मंडळाचे सामने होते. अंतिम सामन्यात मध्यंतराला दोनेक मिनिटे असताना नेमका असाच ढीग मध्यरेषेवर पडला. तळाशी चढाईचा मुलगा. मला त्याचा दम ऐकू येत होता. मग आरोळी उठली आणि दम त्या आरोळीत बुडाला. बोट मला दिसत नव्हते. आता सुटला असणार, असे मनाशी म्हणून मी शिटी फुंकली. वाचकांनी हा 'असणार' लक्षात ठेवावा. पंचाच्या नियमपुस्तकात तो शब्द नाही.

ढीग उठला. संध्याकाळीच पाणी मारल्यामुळे जमीन ओली होती, आणि रेषेच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, चार बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले मला दिसले. शिटीनंतर कुणी हललेले नव्हते. म्हणजे हात त्याआधीच पोचला होता, आणि दम सुटल्याचे मी काही ऐकलेले नव्हते. मुलगा म्हणाला, "दम चालू होता सर." एवढ्यात बाकीच्यांचे पाय त्या ठशांवरून गेले. ते मी सोडून कुणीच पाहिले नाहीत. सरपंचांनी माझ्याकडे पाहिले, मी हात वर केला, आणि गुणलेखकाने तीन गुण इकडे लिहायच्या ऐवजी एक गुण तिकडे लिहिला.

शिटी फुंकल्यावर ठसे दिसले त्या क्षणी सरपंचांकडे जाऊन, "माझी चूक झाली," असे म्हणता आले असते. त्याला फार तर अर्धे मिनिट लागले असते, आणि पाचशे माणसांची हुर्यो. मी गेलो नाही. मध्यंतराच्या पाच मिनिटांत चहा घेता घेता मी स्वतःची समजूत घातली की आता तक्रार मिटली आहे, उगाच कशाला गोंधळ.

पण मन स्वस्थ बसेना, आणि अस्वस्थ मन हे पंचाच्या अंगी फार वाईट. दुसऱ्या डावात ज्या संघाला माझ्या चुकीचा फायदा झाला होता त्यांच्या डाव्या कोपऱ्याच्या मुलाने एक सुरेख पकड केली. घोटाच धरला. पकडीला जाण्याआधी त्याचा पाय लॉबीच्या रेषेजवळ होता. जवळ, पण आत. मी अगदी समोर उभा होतो, मध्ये कुणी नव्हते, दिवा नेमका तिथेच पडत होता. मी शिटी फुंकली आणि लॉबीकडे बोट दाखवले. मुलगा बाद. तो मुलगा आमच्याच शाळेतला, नववीतला. त्याने एकदा पायाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मुकाट बाहेर जाऊन बसला.

आधी अन्याय झालेला संघ दोन गुणांनी जिंकला. बक्षीस समारंभात पंचांच्या निःपक्षपातीपणाबद्दल दोन वाक्ये बोलली गेली. हरलेल्यांनीही कुरकूर केली नाही. इतका शांत अंतिम सामना त्या मैदानावर झाला नव्हता म्हणतात.

माझे एक स्नेही वकिली करतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग बिघडले काय? इकडचे चार गुण तिकडे गेले होते, ते जवळजवळ परत आले. न्याय झाला." पुष्कळ दिवस मीही हेच घोकीत होतो. पण गुणफलकावर संघ असतात, जमिनीवर मुले असतात. एका गिऱ्हाइकाला वाण्याने चुकून कमी तोलले आणि मग तराजू सरळ करण्यासाठी दुसऱ्याला जाणूनबुजून कमी तोलले, तर संध्याकाळी त्याच्या मनाला कदाचित बरे वाटेल. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने मात्र पैसे पुरे दिलेले असतात. पहिली शिटी ही माझ्या कानांची चूक होती, त्यात घाईही होती. दुसऱ्या शिटीच्या वेळी माझे डोळे आणि कान दोन्ही उत्तम चालू होते.

मग चूक झाल्यावर पंचाने करावे काय? अमेरिकेत त्यांचा म्हणून एक फुटबॉल आहे, हातात चेंडू घेऊन धावायचा आणि धडका मारायचा. त्यात चार खेपांत दहा यार्ड पुढे जावे लागते. 1940 सालच्या नोव्हेंबरात डार्टमथ आणि कॉर्नेल या दोन कॉलेजांच्या सामन्यात पंच खेपा मोजायला चुकला आणि अखेरच्या क्षणांत कॉर्नेलला पाचवी खेप मिळाली. तिच्यावर त्यांनी सामना 7-3 असा जिंकला. पुढे चित्रफीत पाहून पंचाने चूक उघडपणे कबूल केली. पण सामना संपल्यावर निकाल फिरवण्याचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता. तेव्हा कॉर्नेलनेच विजय सोडून दिला आणि निकाल 3-0 असा डार्टमथच्या नावे लागला. आपल्याकडे 1980 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत बॉब टेलरला पंचाने झेलबाद दिले असताना कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावले. टेलरने मग बोथमबरोबर मोठी भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथची ती गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मीही वर्गात सांगतो. त्या दोन्ही ठिकाणी चूक दुरुस्त झाली ती खेळणाऱ्यांच्या हातून, आणि ती झाली याचे कारण चूक उघड्यावर होती. माझी मी झाकून ठेवली होती. झाकलेली चूक दुसऱ्या कुणाला सोडून देता येत नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली. मधल्या सुट्टीत तो नववीतला मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. आत यायला लाजत होता. मी बाहेर गेलो. तो म्हणाला, "सर, रागावू नका. माझा पाय किती बाहेर होता?"

त्याच्या विचारण्यात तक्रार नव्हती. माझा पाय कुठे पडतो हे मला कळत नाही की काय, एवढीच त्याची शंका होती. तेव्हा तरी मी खरे सांगायला हवे होते. खोलीत चार सहकारी होते, घंटा होण्याच्या बेतात होती. मी म्हणालो, "बोटभर. लक्ष ठेवत जा."

"हो सर," तो म्हणाला.

त्यानंतर मी वर्षभर शिटी हाती घेतली नाही. लोकांना गुडघ्याचे कारण सांगितले. पुढे पुन्हा घेतली, कारण पंच मिळत नाहीत हे खरेच आहे. आता ढीग पडला की मी जमिनीवर आडवा होतो, पँट मळते, लोक हसतात. न दिसलेल्यावर शिटी देत नाही. आणि चूक झालीशी वाटली तर तिथल्या तिथे सरपंचांकडे जातो. यंदा दोनदा गेलो. दोन्ही वेळा हुर्यो मिळाली.

गेल्या महिन्यात नाशिकरोडच्या बाजूला सामने होते. तो मुलगा आता मोठा झाला आहे, एका चांगल्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळतो. मी त्या दिवशी नुसता प्रेक्षक होतो. त्याचा घोटा धरण्याचा हात तसाच आहे. पण लॉबीच्या रेषेपासून तो वीतभर आत उभा राहतो, आणि तेवढ्या वाटेतून दोन चढाया निसटून गेल्या. त्यांच्या शिक्षकाने बाहेरून ओरडून सांगितले, "रेषेला भिड रे!" त्याने मान हलवली आणि तो होता तिथेच राहिला.

सामना संपल्यावर मला पाहून तो धावत आला, वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, "अरे, मला तुला एक सांगायचंय."

"माहीत आहे सर," तो हसत म्हणाला, "लक्ष ठेवून खेळतोय. तेव्हापासून एकदाही पाय बाहेर गेला नाही."

आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून तो गेला.