दुःखी मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

प्रत्येक शाळेत अशी काही मुले असतात, ज्यांच्या घरी काय चालले आहे ते हजेरीपटावरून कळत नाही. कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाच्या घरी रोज भांडणे होतात, कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि मूल आजीजवळ राहते. ही मुले वर्गात इतरांसारखीच बसतात. मधल्या सुटीत ग्रंथालयाच्या कपाटाशी येऊन उभी राहतात. त्या कपाटात त्यांच्यासाठी काय आहे?

आपल्यापैकी अनेक जण शाळांना पुस्तके भेट देतात, संस्कारवर्ग चालवतात. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. देणगीची पुस्तके निवडताना आपला हात सहसा दोन प्रकारांकडे वळतो : सुविचारांची आणि थोर पुरुषांच्या चरित्रांची. दोन्ही चांगली आहेत. पण ज्याचे घर मोडते आहे, त्या दहा वर्षांच्या मुलाला ‘संकटांना हसत सामोरे जा’ हे वाक्य काय देते? पुष्कळदा एवढेच की, हसता येत नाही हाही आपलाच दोष!

आपली परंपरा काय करते?

महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिर राज्य हरवून, मन खचून बसला आहे. तो बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कुणी पाहिला आहे का? ऋषी त्याला तत्त्वज्ञान सांगायला बसत नाहीत. ते नलराजाची गोष्ट सांगतात. नलही द्यूतात राज्य हरला, वनात गेला, दमयंतीपासून दुरावला. ती हकिगत ऋषी सविस्तर सांगतात, मधले हाल गाळत नाहीत. आणि गोष्ट संपल्यावर ते युधिष्ठिराला फाशांच्या खेळाचे मर्मही शिकवतात.

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, गोष्ट दुसऱ्याची होती. स्वतःच्या जखमेकडे सरळ पाहणे कठीण असते. नलाच्या जखमेकडे युधिष्ठिर पाहू शकला. दुसरी, दुःख लहान करून सांगितले नाही. तिसरी, गोष्टीनंतर हाताला उपयोगी पडेल असे काही दिले.

भागवतातला ध्रुव तर पाच वर्षांचा आहे. सावत्र आईचे शब्द लागून तो हुंदके देत सुनीतीकडे येतो. ती त्याला आधी मांडीवर घेते, त्याच्यासाठी स्वतः रडते. दुसऱ्याचे वाईट चिंतू नकोस, नारायणाला शरण जा, हे नंतर सांगते. गीतेतही पहिला अध्याय संपेपर्यंत श्रीकृष्ण अर्जुनाला उपदेश करत नाहीत. त्याला बोलू देतात. आधी मांडी, मग उपदेश. पुस्तक निवडतानाही हाच क्रम असायला हवा.

दुःखाची पुस्तके मुलांना द्यावीत का?

‘मुलांना कशाला रडवायचे?’ असे पालक विचारतात. त्यामागची माया खरी आहे. पण दुःख पुस्तकातून मुलाच्या आयुष्यात येत नाही. ते आधीच आलेले असते. कपाटातल्या सगळ्या पुस्तकांत सुखी घरेच असतील, तर ते मूल मनाशी एवढेच म्हणते की, असे फक्त माझ्याच घरी घडते. हा एकटेपणा दुःखाहून जड असतो.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात गरिबी आहे, कर्ज आहे, अपमान आहे आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. तरीही मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ते मुलांच्या हाती दिले, कारण त्यातले दुःख प्रेमाच्या आत ठेवलेले आहे. मात्र ज्या मुलाची आई नुकतीच गेली आहे, त्याला हे पुस्तक लगेच देऊ नये. ओल्या जखमेला चांगले औषधही झोंबते. थोडे अंतर असलेली, प्राण्यांची किंवा दूरदेशीची गोष्ट तेव्हा जवळची वाटते.

अशी एक दूरदेशीची गोष्ट म्हणजे तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. पहिलीतच शाळेतून काढलेली जपानी मुलगी नव्या शाळेत येते. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. या पुस्तकात पोलिओ झालेला मित्र आहे, त्याचा मृत्यू आहे, युद्धात जळून गेलेली शाळा आहे. आणि तरी त्यात खूप हसू आहे. दुःखी मुलाला हसण्याचीही भूक असते, हे निवड करताना विसरू नये. विनोदाची, कोड्यांची, चित्रांची पुस्तकेही कपाटात हवीतच.

एक सावधगिरी आपल्यासाठी

आपण कर्मसिद्धान्त मानणारी माणसे आहोत. पण ‘हे तुझ्या पूर्वकर्माचे फळ आहे’ असे सुचवणारी गोष्ट दुःखी मुलाच्या हाती देणे योग्य नाही. कर्माचा विचार प्रौढाने स्वतःच्या आचरणाची तपासणी करण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या, तेही लहानग्याच्या, दुःखाचा हिशेब मांडण्यासाठी नाही. मूल तसेही नकळत स्वतःलाच दोष देत असते. आईबाबांचे भांडण माझ्यामुळे झाले, असे त्याला वाटतच असते. त्या ओझ्यावर धर्माचे वजन ठेवू नये.

म्हणून पुस्तक देण्याआधी आपण ते पूर्ण वाचावे आणि स्वतःला विचारावे : यातले दुःख खरे वाटते का? दुःखाचा दोष मुलावर टाकला आहे का? शेवटी सगळे जादूने ठीक होते, की कुणीतरी सोबत येते? भाषा त्या मुलाच्या घरची, सोपी आहे का?

देण्याची रीत

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असा त्यातल्या दोन सूत्रांचा आशय. कपाटे उघडी ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. कुलूपबंद कपाटातले पुस्तक मागावे लागते आणि दुःखी मूल मागत नाही.

सगळ्यांसमोर ‘हे खास तुझ्यासाठी’ म्हणून पुस्तक देऊ नका. मुलाचे दुःख वर्गासमोर उघडे पडते. पुस्तक त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा, किंवा सगळ्या वर्गाला मिळून वाचून दाखवा. वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ हेही विचारू नका. थोडा वेळ गप्प बसा. मूल बोलले तर ऐका. नाही बोलले तरी चालेल.

आणि पुस्तक दिले म्हणजे आपले काम झाले, असे मानू नका. भुकेल्या मुलाला आधी जेवण हवे. मुलाला मारहाण होत असेल, त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर शिक्षकांना सांगणे, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करणे हाच धर्म. बृहदश्वांनीही नुसती गोष्ट सांगून युधिष्ठिराला सोडले नाही.

या महिन्यात आपल्या जवळच्या शाळेच्या ग्रंथालयात एकदा जाऊन या. नवीन पुस्तके देण्याआधी कपाटासमोर थोडे उभे राहा आणि स्वतःला विचारा : आज माझ्या मनात न सांगण्यासारखे दुःख असते आणि मी नऊ वर्षांचा असतो, तर इथले कोणते पुस्तक उचलले असते? एकही सापडले नाही, तर पहिले पुस्तक कोणते द्यायचे ते आपल्याला तिथेच कळेल.