आपली नाही ना, मग चालतंय

न्हावा शेव्याला माझी बहीण राहते. घराबाहेरच्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर, आणि घरात फरशीवर पालथी पडून चित्र रंगवणारी माझी सात वर्षांची भाची. मागच्या सुट्टीत तिच्यासमोर झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेलं एक पान होतं. डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला, खांद्यावर घुबड असलेली बाई. खाली नाव: अथीना. भाचीने घुबड गुलाबी केलं, शिरस्त्राण जांभळं, आणि अथीनाचा चेहरा गडद तपकिरी, जवळजवळ स्वतःच्या रंगाचा.

बहिणीच्या सासूबाई कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं. “अगो बाय, देवीचं तोंड असं कालं करतात का?”

“आई, ती आपली देवी नाही. ग्रीकांची आहे,” बहीण आतून म्हणाली.

“आपली नाय ना? मग चालतंय.”

विषय संपला. भाचीने मात्र खडू हातात तसाच धरून विचारलं, “आणि आपली असती तर?”

या प्रश्नाचं सोपं उत्तर आपल्या सगळ्यांकडे तयार असतं. ग्रीक देवींना आता कोणी पुजत नाही, म्हणून कोणाचं मन दुखत नाही. हे उत्तर पूर्ण खरंही नाही, कारण ग्रीसमध्ये आजही थोडे लोक त्या जुन्या देवांची पूजा करतात. आपल्याला म्हणायचं असतं ते इतकंच, की आपल्या गल्लीत कोणी चिडणार नाही. मग आपण मुलीला नक्की काय शिकवतो? देवीचा मान राखायला, की कोण रागावेल याचा अंदाज घ्यायला? दुसरी गोष्टही उपयोगाची आहे, फेसबुकवर वावरणाऱ्या कोणालाही ती येतेच. पण तिला आदर म्हणू नये.

तपकिरी चेहऱ्याबद्दल मी लगेच भाचीची बाजू घेतली होती. ग्रीक मूर्ती पांढऱ्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. त्या झगझगीत रंगवलेल्या असत. अथेन्सच्या अॅक्रॉपोलिसवर सापडलेल्या कुमारिकांच्या मूर्तींवर रंगाचे अंश आजही दिसतात. जर्मन संशोधक विन्झेन्झ ब्रिंकमन यांनी असे अंश तपासून रंगीत प्रतिकृती बनवल्या, आणि 2003 मध्ये म्युनिकला त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा अनेकांना त्या भडक वाटल्या. पांढरेपणाचा मोह असा, की 1937-38 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं अजून गोरी दिसावीत म्हणून धातूच्या हत्यारांनी घासली गेली. घासताना शिल्पांचा मूळ पृष्ठभागही गेला.

पण मग प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. ग्रीक चित्रकार जुन्या काळ्या आकृत्यांच्या भांड्यांवर पुरुष काळे आणि बायका पांढऱ्या रंगवत, अथीनासुद्धा. म्हणजे भाचीचा तपकिरी ‘बरोबर’ नव्हता. तिच्या डब्यातला तो फिकट गुलाबी खडू, ज्याला शाळेत सगळी मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात, तो कदाचित जास्त जवळचा ठरला असता. तरी मला तिचा चेहरा पुसायला सांगवलं नाही. घरात कोणाचीही कातडी त्या खडूची नाही.

आणि आपल्या देवींचे रंग तरी कोणी ठरवले? राजा रविवर्मांनी 1894 मध्ये गिरगावात छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला. लक्ष्मी, सरस्वती यांची चित्रं तिथून घराघरांत गेली. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा, एकावर एक ठसे उमटवत चित्र पूर्ण व्हायचं. छापखान्याच्या तंत्राला जर्मन मदत होती आणि पुढे एका जर्मन तंत्रज्ञानेच तो विकत घेतला. सरस्वती म्हटल्यावर आज जी गोरी, गोल चेहऱ्याची बाई आपल्या डोळ्यांपुढे येते, तिच्यात त्या दगडांचा मोठा वाटा आहे. तिलाही कुणीतरी रंगच भरले होते.

मळवली हे कार्ल्याचं स्टेशन. तिथून वर गेलं की लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आई, आगरी-कोळ्यांची देवी. न्हावा शेव्याच्या घरांतून दर चैत्रात लोक तिथे जातात. त्याच लेण्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. यवन म्हणजे मूळ अर्थाने ग्रीक. ते दाते खरोखर ग्रीक वंशाचे होते का, यावर अभ्यासक वाद घालतात. पण आपल्याकडे वर्गात एक तरी मिलिंद असतोच, आणि तो ज्याच्या नावाचा, तो राजा मिनँडर नक्कीच ग्रीक होता. त्याच्या नाण्यांवर अथीना आहे. ‘आपली नाय ना’ हे वाटतं तितकं सोपं नाही.

तरीही सासूबाईंचं म्हणणं नुसत्या भीतीतून आलेलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. एकवीरा त्यांच्यासाठी चित्र नाही. तिला नवस बोलतात, तिच्याशी भांडतात. आईच्या फोटोला मिशा काढल्या तर आपण रागावतो ते कायद्याने नाही. हे नातं अथीनाशी नाही, आणि नसलेलं नातं मुलीवर लादण्यात अर्थ नाही. पाहुणी म्हणून मात्र तिची थोडी ओळख करून घ्यायला हवी. नुसती बाह्यरेषा देऊन रंग भर म्हणणं मला अपुरं वाटतं, कारण त्या रेषेतून गोष्ट गळून गेलेली असते.

गोष्ट सांगायला बसलं की खरी अडचण सुरू होते. पुढचं पान मेदूसाचं होतं, केसांच्या जागी साप. रोमन कवी ओव्हिड सांगतो, की पोसायडनने देवीच्या देवळातच तिच्यावर बलात्कार केला आणि देवीने शिक्षा मेदूसाला दिली. (हाच पोसायडन कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली छोटी ब्राँझची मूर्ती.) सात वर्षांच्या मुलीला किती सांगावं? मी म्हटलं, एकाने तिला खूप त्रास दिला आणि अथीनाने तिलाच शिक्षा केली.

“म्हणजे अथीना चुकली?”

“हो. मला वाटतं, चुकली.”

भाची जरा वेळ गप्प बसली. देवी चुकू शकते, हे तिने कोणा मोठ्या माणसाकडून पहिल्यांदाच ऐकलं असावं. परकी देवी होती म्हणून मी ते इतक्या सहज बोलून गेले. आपल्या एखाद्या देवाबद्दल तिने तसंच विचारलं असतं, तर मीही सासूबाईंकडे बघून आवाज खाली केला असता. ‘आपली नाय ना’चा फायदा मीसुद्धा घेतला होता.

संध्याकाळी भाचीने अथीनाच्या पानाच्या पाठीमागे स्वतःच एक देवी काढली. मोठे डोळे, मोठी नथ. आजीकडे नेऊन विचारलं, “एकवीरेचं तोंड कुठल्या रंगाचं करू?”

सासूबाईंनी हात पुसले, डबा उपसला आणि शेंदरी खडू काढून तिच्या हातात दिला. “नीट भर. आणि ते मागचं घुबड गुलाबी का केलंस?”