जयाचा हिशेब

जय कशाला म्हणावा, हा प्रश्न वरवर पाहतां फार सोपा वाटतो. प्रतिपक्ष हरला, मागें हटला किंवा नाहींसा झाला, म्हणजे आपला जय झाला, असें लहान मूलहि सांगेल. परंतु जिंकल्यानंतर जेत्याच्या हातीं काय उरलें, आणि तें मिळविण्यासाठीं कोणाकोणाचें काय खर्चीं पडलें, असें विचारूं लागलें म्हणजे हा सोपेपणा टिकत नाहीं. चीनमधील सून त्झूचें युद्धशास्त्र दोन हजारांहून अधिक वर्षें वाचलें जात आहे, तें त्यांतील डावपेंचांमुळें, असा सार्वत्रिक समज आहे. आम्हांस तो बरोबर वाटत नाहीं. या ग्रंथानें जयाचा हिशेब मांडावयास शिकविलें, आणि तो हिशेब अद्यापि पुरा झालेला नाहीं, म्हणून ग्रंथ जिवंत आहे, असें आमचें मत आहे.

ग्रंथाचा कर्ता सून वू हा वू राज्याचा राजा हो-लू याच्या पदरीं सेनापति होता, अशी चिनी परंपरा आहे. अर्वाचीन पंडितांपैकीं पुष्कळजण ग्रंथाचें आजचें रूप त्याहून उत्तरकालीन मानतात. १९७२ मध्यें शांतुंग प्रांतांतील हान काळच्या थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली त्याची प्रत सांपडली, त्यामुळें त्याच्या प्राचीनत्वाविषयीं मात्र शंका उरली नाहीं. १७७२ मध्यें आमिओ नांवाच्या जेझुइट पाद्र्याचें फ्रेंच भाषांतर पॅरिसला प्रसिद्ध झालें, आणि ग्रंथ युरोपांत पोंचला. प्रकरणें अवघीं तेरा. आज तो शिपाईगड्यांच्या इतकाच व्यापारी लोकांच्या हातीं दिसतो.

नाशिकजवळील अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आमचे एक स्नेही लेथवर सुटे भाग कातून देण्याचा लहानसा कारखाना चालवितात. त्यांच्या टेबलावर हा ग्रंथ आम्हीं पाहिला, तेव्हां त्यांतील कपटासंबंधींच्या वाक्यांखालीं तांबड्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. शेजारच्या गाळ्यांत तेंच काम करणारा दुसरा एक कारखानदार होता. दोघेहि एकाच मोठ्या कंपनीस माल पुरवीत. आमच्या स्नेह्यांनीं आपली खरी स्थिति झांकून, वर्षभर तोटा सोसून दर इतके उतरविले कीं, शेजाऱ्यानें गाळा बंद केला आणि यंत्रें विकून टाकलीं. "लढाई न करतां जिंकलों," असें ते आम्हांस मोठ्या समाधानानें म्हणाले. पुढें कंपनीनें वर्षभर मिळालेला तोच दर कायमचा ठरविला. पूर्वीं एखादें यंत्र बिघडलें तर शेजारच्या लेथवर काम उरकून घेतां येई. ती सोय गेली. शेजाऱ्याकडील हुशार कारागीर गांव सोडून गेले होते, त्यामुळें मोठी मागणी आली त्या वेळीं कामास हात मिळेनात. आमचे स्नेही जिंकले होते खरे, परंतु जें जिंकावयाचें होतें तेंच जिंकण्याच्या भरांत मोडलें होतें.

त्यांनीं ग्रंथाचें दुसरें प्रकरण बहुधा घाईनें उलटलें असावें. त्यांत सून त्झू एक लक्ष सैन्याचा रोजचा खर्च मांडतो. त्यांत रथ आणि चिलखतें येतात, तशींच गोंद-लाखेसारखीं किरकोळ द्रव्यें आणि पाहुण्यांची ऊठबसहि येते. दीर्घ युद्धानें कोणत्याहि राज्याचें हित झालेलें नाहीं, असा त्याचा निष्कर्ष आहे. शेवटच्या प्रकरणांत तर तो रणांगण कधीं न पाहिलेल्या लोकांना हिशेबांत घेतो: एवढी फौज बाहेर पडली म्हणजे सात लक्ष कुटुंबांची शेती खोळंबते, असें त्याचें गणित आहे. म्हणूनच शंभर लढाया करून शंभरहि जिंकणें हें त्याच्या मतें सर्वश्रेष्ठ नव्हे. शत्रूचें राज्य अखंड हातीं येणें हें श्रेष्ठ, तें उद्ध्वस्त करून मिळविणें हें दुय्यम. हा विचार आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. कौटिल्यानें आपल्या तेराव्या अधिकरणांत आधीं दुर्ग घेण्याचे उपाय सांगितले, आणि तें अधिकरण संपविलें तें लब्धप्रशमनानें, म्हणजे जिंकलेल्या प्रदेशाचें मन शांत करण्याच्या उपायांनीं.

जिंकलेलें अखंड राखणें म्हणजे काय, हें पाहण्यास अंबडकरांना दूर जावयास नको. वसाहतीपासून थोड्याच अंतरावर त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्यास पांडवलेणीं म्हणतात. तेथें गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरलेली आहे. नहपान क्षत्रपाचा पाडाव झाल्यावर, आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षीं, विजयी सैन्याच्या छावणींतून त्यानें ती धाडली. नहपानाचा जांवई उषवदात याच्याकडे आजवर असलेलें दोनशें निवर्तनें शेत डोंगरावरील भिक्षूंस द्यावें, असें तींत आहे. याच भिक्षुसंघास उषवदातानेंहि दानें दिलीं होतीं. राजा बदलला, पण धर्मदायाची रीत मोडली नाहीं. १९०६ मध्यें सिन्नर तालुक्यांतील जोगलटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप उठविला होता. चलन नष्ट न करतां त्यावर स्वामित्व सांगण्याची ही रीत सून त्झूच्या अखंड जयाशीं जुळणारी आहे.

पण त्याच लेण्यांत चोविसाव्या वर्षाचा दुसरा लेख आहे. राजा आणि राजमाता त्यांत सांगतात कीं, पूर्वीं दिलेलें तें शेत कोणी कसत नाहीं व गांवहि वसलेलें नाहीं; म्हणून नगराच्या शिवेवरील आमच्या शेतांपैकीं शंभर निवर्तनें भिक्षूंस द्यावीं. गांव कशानें उठलें हें लेखांत सांगितलेलें नाहीं. तरीहि या दोन ओळींपुढें आम्ही प्रत्येक वेळीं थबकतों. छावणींतून दान दिलेलें शेत सहा वर्षांनीं नुसतें नांवाचें शेत उरलें होतें. जमीन जिंकतां येते. तीवर नांगर धरणारा माणूस आपोआप जिंकला जात नाहीं. हें कबूल करून राजानें तें दगडावर लिहवून ठेविलें, यांत त्याचा मोठेपणा आहे.

याच्या उलट उदाहरण नाशिकच्या उत्तरेस दिंडोरीच्या वाटेवर उभें आहे. तटबंदीच्या शहरास वेढा घालणें हा सून त्झूच्या मतें सर्वांत कनिष्ठ उपाय होय. यंत्रें उभारण्यास तीन महिने, मातीचे उंचवटे रचण्यास आणखी तीन. मग अधीर झालेला सेनापति शिपायांना मुंग्यांसारखे तटावर चढवितो, तिसरा हिस्सा मारला जातो, आणि शहर तसेंच राहतें. १६८२ मध्यें औरंगजेबाच्या फौजेनें रामशेजला वेढा घातला. गडावर तोफांचा तुटवडा. लांकडाच्या तोफा करून त्यांस कातडें मढविल्याचें खाफीखान लिहितो. मोंगलांचे एकामागून एक सरदार आले, लांकडी बुरूज उभे राहिले, आणि गड पांच वर्षांच्या सुमारास मोंगलांकडे गेला तो लढाईनें नव्हे, पैशानें. औरंगजेबास एक लहानसा गड मिळाला. वेळ, माणसें व दरारा यांचा जो व्यय झाला तो परत मिळाला नाहीं. पुढें तो दक्षिणेंतच १७०७ मध्यें वारला.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांस टाळतां येत नाहीं. परवडतें म्हणून जो शत्रूस जीवदान देतो, तो मारणें परवडूं लागतांच मारणार नाहीं काय? हिशेबास नीति म्हणावें कसें? सून त्झूनेंच आक्षेपास जागा करून दिली आहे. हेरांच्या प्रकरणांत तो आपल्याच हेराच्या कानावर खोटी बातमी घालून त्यास शत्रूकडे पाठविण्याची युक्ति सांगतो, आणि अशा हेरास "मृत हेर" असें नांव देतो. सात लक्ष शेतकऱ्यांची मोजदाद करणारी लेखणी या एका माणसापाशीं अडखळत नाहीं. आमच्या मतें ग्रंथाची मर्यादा येथें उघडी पडते. तिच्यावर सारवासारव करणारे त्याचे भक्त ग्रंथाची सेवा करीत नाहींत.

तथापि यावरून हिशेब टाकाऊ ठरतो, असें आम्हांस वाटत नाहीं. अशोकाच्या तेराव्या शिलालेखांत कलिंगाचा पश्चात्ताप आहे. पण त्या पश्चात्तापाला आंकडे आहेत: दीड लक्ष लोक देशोधडीस नेले, एक लक्ष मारले गेले, आणि त्याच्या कित्येकपट मेले. ज्यानें मोजलेंच नाहीं त्यास दुःख तरी कशाचें व्हावें? करुणा बहुधा मोजणीनंतर येते. मात्र मोजणीच्या वहींत कोणाकोणाचीं नांवें लिहिलीं, यावर तिची नैतिक योग्यता ठरते. आपलेच शिपाई लिहिले तर ती चातुर्य होते. शेतकरी लिहिले तर राजनीति होते. शत्रूची कुटुंबें आणि तो एकटा हेरहि लिहिला, तरच तिला धर्म म्हणतां येईल. सून त्झू दुसऱ्या पायरीपर्यंत आला. पुष्कळ राज्यकर्ते आणि व्यापारी पहिलीवरच उभे आहेत; तेव्हां त्याला जुना झाला म्हणण्याचा अधिकार त्यांस नाहीं.

आमच्या स्नेह्यांस हें सर्व आम्हीं एकदां सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दराचा हिशेब मी पैशापैशानें केला होता, त्यांच्याकडे अकरा माणसें कामाला होतीं, तीं मी मोजलीं नाहींत." त्यांपैकीं दोघांचा पत्ता त्यांनीं पुढें शोधून काढला आणि त्यांस कामावर बोलाविलें. एक आला. दुसऱ्यानें येण्याचें नाकारलें, आणि त्याचें कारण विचारण्याचें धैर्य आमच्या स्नेह्यांस झालें नाहीं.